पुष्कळांचे मत आणि एकाचा विवेक

शास्त्रपाठ : निर्गम २३:१-३; प्रेषितांची कृत्ये ६:१-७



निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी न्यायासंबंधाने ज्या आज्ञा आहेत, त्यांतील दुसऱ्या वचनातली आज्ञा गावच्या सभेत बसणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. तिचा आशय असा की, पुष्कळ लोक दुष्कर्माकडे वळले म्हणून आपण त्यांच्या मागे जाऊ नये, आणि वादात साक्ष देताना जमाव जिकडे झुकेल तिकडे झुकून न्याय वाकडा करू नये. ही आज्ञा राजास किंवा सेनापतीस दिलेली नाही. मेंढरे राखणाऱ्या व शेत करणाऱ्या साध्या माणसास ती दिलेली आहे. यावरून असे दिसते की, जमावाचा मोह हा साध्या माणसाचाच मोह आहे. राजा एकटा राहून पाप करू शकतो, आपण मात्र बहुधा पुष्कळांच्या संगतीने पाप करितो, आणि मग म्हणतो, "सर्वांनी ठरविले, मी एकटा काय करणार?"

तिसरे वचनही सोडून चालणार नाही. वादात गरिबाचाही पक्षपात करू नये असे ते सांगते. अर्थात जे थोडे आहेत ते थोडे आहेत एवढ्यावरून खरे ठरत नाहीत. आमच्या कित्येक बांधवांस असे वाटते की, आपण संख्येने अल्प, यास्तव आपले म्हणणे नेहमी न्यायाचेच. शास्त्र ही सवलत आम्हांस देत नाही. न्याय डोकी मोजून ठरत नाही. पुष्कळ डोकी मोजूनही नाही, व थोडी मोजूनही नाही.

आता हा विषय आम्ही या वेळी का घेतला ते सांगतो. आमच्या संग्रामपूर तालुक्यात गावोगाव ग्रामपंचायती आहेत आणि खुद्द संग्रामपुरास नगरपंचायत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस आले की गावांतून ग्रामसभेची दवंडी ऐकू येते. आमचे ख्रिस्ती बांधव या सभांस जातात, कित्येक ठिकाणी आमच्या बहिणी सदस्य म्हणूनही बसतात, आणि ही गोष्ट आम्ही देवाचा उपकार समजतो. ज्या वऱ्हाडात आमच्या पणज्यांस पाटलाच्या ओट्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, त्याच वऱ्हाडात त्यांच्या नातवंडांचा हात मोजला जातो ही काही लहान गोष्ट नव्हे. बहुमताने कारभार चालविणे म्हणजे काठीच्या ठिकाणी हात मोजणे होय. ज्या गावाने काठी पाहिली आहे त्यास हाताची किंमत कळते. म्हणून जे कोणी लोकशाहीस नावे ठेवून "पूर्वीचा एकच धनी बरा होता" असे म्हणतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

परंतु हात मोजून काय ठरवावे आणि काय ठरवू नये, हा प्रश्न निराळा आहे. पांदण आधी दुरुस्त करावी की गटार आधी बांधावे, शाळेचे छत या वर्षी घालावे की पुढल्या वर्षी, हे सर्व बहुमताने ठरावे. आणि आमचे मत हरले तर मुकाट्याने पांदणीच्या कामास हातभार लावावा, हेच ख्रिस्ती माणसास शोभते. तथापि अमक्या घराने हातपंपावर यावे की नाही, अमक्याने कोणत्या देवाची प्रार्थना करावी, अमक्याच्या मुलीने कोणाशी लग्न करावे, अमक्याचे प्रेत कोठे पुरावे, या गोष्टी सभेपुढे मतास टाकण्याच्याच नव्हेत. येथे शंभरापैकी नव्याण्णव हात वर झाले तरी ते हात रिकामेच होत.

आमच्या भागात पाण्याचे उदाहरण सर्वांस लवकर समजते. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाण पट्टा आहे. विहीर खोल खणली तरी पाणी खारट लागते, आणि त्या पाण्याने पुष्कळ घरांत मूत्रपिंडाचे आजार शिरले. वान धरणावरून नळाचे पाणी येऊ लागले तेव्हा मायबहिणींनी देवाचे आभार मानिले. अशा मुलखात गोड्या पाण्याचा नळ एखाद्या घरास बंद करणे म्हणजे काय, हे आम्ही लिहून सांगावयास नको. मारहाण न करिता, शिवी न देता, केवळ एका ठरावाने ते घर गावातून उठविता येते.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु तिच्यातील एका भागाकडे आमचे लक्ष फारसे जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात श्री. सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून असा ठराव झाला की, सरकारी पैशाने बांधलेली अथवा सांभाळली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस खुली असावीत. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांस मोकळे असल्याचा ठराव केला. तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर लोकांस मारहाण झाली, तळे "शुद्ध" करण्याचा विधी झाला, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला तोच ठराव रद्द केला!

बंधूंनो, येथे थोडे थांबून विचार करावा. पाणी पिण्याचा हक्क बहुमताने दिला आणि बहुमताने काढून घेतला. नगरपालिकेने दोन्ही वेळा रीतीप्रमाणे सभा भरविली असेल, नोंदी केल्या असतील, सह्या झाल्या असतील. यात रीत चुकली असे म्हणता येणार नाही; चुकले ते हे की, तहान ही मतास टाकण्याची वस्तू समजली गेली. पुढे काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला. तो दावा दहा वर्षे चालून मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. सभेने जे काढून घेतले ते न्यायपीठाने परत दिले. जो अधिकार शेजाऱ्यांच्या मर्जीवर टांगलेला असतो तो अधिकार नव्हे, ती भिक्षा होय, हे डॉ. आंबेडकर या अनुभवाने शिकले असावेत असे आम्हांस वाटते.

कारण पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे मांडताना त्यांनी एक गोष्ट मोठ्या ठामपणाने सांगितली. काही सभासदांची इच्छा होती की, राज्यरचनेचा पाया खेडे हा असावा. डॉ. आंबेडकरांनी ते मानिले नाही. मसुद्याने गाव टाकून व्यक्तीस घटक मानिले याबद्दल त्यांनी आनंद दर्शविला. खेड्यांविषयी त्यांनी त्या दिवशी वापरलेले शब्द फार कठोर होते, आणि खेड्यावर प्रेम करणाऱ्या आम्हांस ते टोचतात. तरी ज्यास गावकुसाबाहेर राहावे लागले त्याचे गावाविषयीचे मत आम्ही ऐकून घेतले पाहिजे. २६ जानेवारी १९५० पासून जी घटना लागू झाली तीत सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली, पंचविसाव्याने प्रत्येकास विवेकाचे व धर्माचे स्वातंत्र्य दिले, आणि हे हक्क मोडणारा कायदा खुद्द संसदेच्या बहुमतानेही टिकत नाही असे तेराव्याने सांगितले. हक्क मोडला गेल्यास बत्तिसाव्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा एकट्या माणसास उघडा ठेविला. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधास जाणारा मेंढपाळ आम्हांस लूकच्या शुभवर्तमानातून ठाऊक आहे. राज्यकारभार म्हणजे देवराज्य नव्हे, आणि दोहोंची गल्लत आम्ही करीत नाही. परंतु एकाची गणना करण्याची ही रीत पाहून आमचे मन हर्षित होते.

एक खटला येथे सांगण्याजोगा आहे. केरळात १९८५ च्या जुलै महिन्यात एकाच घरची तीन भावंडे शाळेतून काढण्यात आली. राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत, परंतु आपल्या विश्वासामुळे गात नसत. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती, ज्या पंथाची शिकवण आमच्या मंडळ्यांस मान्य नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस पुन्हा शाळेत घेण्याची आज्ञा केली, आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी असा अभिप्राय दिला की, अगदी नगण्य अशा अल्पसंख्याकांसही घटनेखाली आपले स्थान सापडते की नाही, यावरून खऱ्या लोकशाहीची पारख होते. आम्ही राष्ट्रगीत गातो व आनंदाने गातो. तथापि ज्या विवेकाने आम्ही गातो त्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण त्या न गाणाऱ्या तीन लेकरांच्या निमित्ताने झाले, हे विसरता कामा नये.

आता बहिष्काराकडे वळू. आमच्या आद्य ख्रिस्ती पुढाऱ्यांस हा शब्द शिकवावा लागला नाही. कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांस घरदार अंतरले आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. धर्म बदलल्याने वारसा बुडू नये म्हणून १८५० साली कायदा झाला होता. पण जमीन मिळवून देणारा कायदा शेजाऱ्याची तोंडओळख मिळवून देत नाही. ही जखम ज्यांच्या पूर्वजांस झाली, त्या आम्ही तरी दुसऱ्यास ती करू नये.

मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्यामुळे तो कायदा आमच्या गावांपर्यंत आला नव्हता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनी दावा आणिला होता, आणि पंथाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क आहे या कारणावरून पाचांपैकी चार न्यायाधीशांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. सरन्यायाधीश सिन्हा एकटेच विरुद्ध गेले. त्यांच्या मते ज्यास वाळीत टाकिले जाते त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते. न्यायपीठावरही एकटा राहण्याचे धैर्य लागते. मग ग्रामसभेत लागते यात नवल काय!

पुढे पन्नासाहून अधिक वर्षांनी महाराष्ट्रात जातपंचायतींच्या जुलमांच्या हकीकती बाहेर येऊ लागल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून हे काम हाती घेतले. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली, तरी काम थांबले नाही. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. लग्नकार्यात वा अंत्यविधीत अडथळा आणणे, प्रार्थनास्थळ, समाजमंदिर, स्मशान किंवा दफनभूमी वापरू न देणे, व्यवहार तोडणे, हे सर्व त्यात येते. हा कायदा इतर धर्मीयांच्या जातपंचायतीपुरताच आहे असा आमच्यांपैकी कित्येकांचा समज आहे. तो खोटा आहे. जन्माने, धर्मांतराने किंवा धर्मविधीने जे एका धर्माचे झाले त्यांचा समुदाय, असा त्यातील समुदायाचा अर्थ आहे. आमची मंडळी त्यात येते.

आणि येथेच आम्हांस या प्रवचनाचे मुख्य बोलणे बोलावयाचे आहे.

कित्येक ठिकाणी असे घडते की, मंडळीच्या पंचसभेत एखादा भाऊ जमाखर्चाचा हिशेब मागतो. किंवा एखादी बहीण सांगते की, माझ्या मुलीचे लग्न पंचांनी सुचविलेल्या घरी मी करणार नाही. सभेत कुजबुज होते. कोणी म्हणतो, "मंडळीची एकी मोडते." मग हात वर होतात, आणि त्या घराशी कोणी बोलू नये, त्यांच्या घरी प्रार्थनेस जाऊ नये, असे ठरते. पुढे घरात मयत होते तेव्हा कबरस्तानाची किल्ली सापडत नाही. हे सर्व प्रार्थनेने आरंभिलेल्या सभेत होते. आम्ही विचारितो, महाडच्या नगरपालिकेच्या ऑगस्टच्या सभेत आणि या सभेत भेद कोणता?

शिस्त नको असे आमचे म्हणणे नाही. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिस्तीचा मार्ग स्वतः सांगितला आहे : प्रथम एकट्याने जाऊन एकट्यास बोलावे, मग एकदोन साक्षी न्यावे, आणि त्यानंतर मंडळीस सांगावे. आम्ही मात्र तिसऱ्या पायरीपासून आरंभ करितो, कारण पहिल्या पायरीवर आम्हांस एकट्याने त्याच्या दारी जावे लागते. शिवाय ज्यास मंडळी बाहेरचा समजते त्यासही पाणी, किराणा आणि मूठमाती नाकारण्याचा अधिकार प्रभूने कोणास दिला असे आम्हांस कोठे आढळत नाही. जकातदार व पापी यांच्या पंक्तीस तर तो स्वतः बसत असे.

मंडळीचे बहुमत किती बहकू शकते याचे उदाहरण फार दूरचे असले तरी सांगतो. जर्मनी हा धर्मसुधारणेचा देश, लूथरचा देश. मार्च १९३३ मध्ये तेथील संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी सर्व सत्ता हिटलरच्या हाती दिली. विरोध केला असता अशांपैकी पुष्कळ त्याआधीच तुरुंगात होते. जुलै महिन्यात मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या आणि हिटलरच्या पक्षास अनुकूल अशा लोकांस तेथे मोठे बहुमत मिळाले. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने ठरविले की, यहूदी वंशाच्या पाळकांनी सेवेत राहू नये. पाहा, ज्या वंशात प्रभु जन्मला त्या वंशाचा पाळक नको, असे प्रभूच्याच मंडळीने बहुमताने ठरविले! मार्टिन नीमोलर व त्यांचे थोडे सोबती निराळे उभे राहिले. दीट्रिख बोनहोफर यांस तर एप्रिल १९४५ मध्ये फाशी झाली. त्या धर्मसभेत हात वर करणारे सर्व दुष्ट होते असे आम्हांस वाटत नाही. त्यांपैकी पुष्कळ आमच्यासारखेच असतील. शेजाऱ्याचा हात वर गेलेला पाहून आपलाही वर करणारे.

शास्त्रात अशा सभा पुष्कळ आहेत. कनान देश पाहून आलेल्या बारांपैकी दहांनी एक सांगितले, कालेब व यहोशवा यांनी दुसरे. आणि लोक त्या दोघांस दगडमार करावयास उठले. अहाबापुढे चारशे संदेष्टे एका तोंडाने बोलले. मीखायास बोलावू गेलेल्या दूताने त्यास वाटेत सल्ला दिला की, तूही त्यांच्यासारखेच बरे बोल. तो दूत दुष्ट नव्हता, व्यवहारी होता, आणि असे दूत आमच्या प्रत्येक गावात आहेत. पिलाताच्या अंगणात तर जमावाने मोठमोठ्याने ओरडून बरब्बास मागून घेतले.

परंतु दुसऱ्या तऱ्हेची सभाही आहे, आणि ती आमच्या शास्त्रपाठात आहे. यरुशलेमातील मंडळीत दोन भाषांचे लोक होते. इब्री बोलणारे पुष्कळ व वजनदार. ग्रीक बोलणारे बाहेरगावाहून आलेले. रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. बारा प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांस एकी मोडणारे म्हटले नाही. त्यांनी सर्व मंडळीस बोलाविले आणि सात जण निवडावयास सांगितले. निवड मंडळीनेच केली. म्हणजे बहुमत तेथेही होते. आता त्या सातांची नावे वाचून पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती पुष्कळांनी वाटणीची किल्ली दिली. आम्ही हा अध्याय कितीतरी वेळा वाचला. तरी ती नावे वाचताना दर वेळी आमची मान खाली होते.

उपदेशक बंधूंस आमची काही विनंती आहे, ती सांगून हे पुरे करितो. पंचसभेत जो विषय कोणाच्या विवेकाचा, लग्नाचा अथवा दफनाचा असेल, तो मतास टाकूच नये. कोणी टाकू लागल्यास तुम्ही निर्गमाचे ते वचन उघडून वाचावे. हिशेब मागणाऱ्यास हिशेब दाखवावा. ज्याविरुद्ध ठराव होत आहे त्यास ऐकल्यावाचून ठराव लिहू नये. ज्याचे मत निराळे पडले त्याचे नाव व कारण वहीत लिहावे. त्यास ते वाचून दाखवावे, आणि त्याची सही घ्यावी. ज्यास सही येत नाही त्याचा अंगठा घ्यावा. कबरस्तानाची किल्ली एकाच घरी ठेवू नये.

आणि कोणा घरास, आमच्या मंडळीतील असो वा बाहेरील, पाणी किंवा वाट बंद झाली, तर त्यास घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यास सोबतीची गरज असते. बहिष्कृत मनुष्य एकटा गेला तर पुष्कळदा बाकावर बसून परत येतो. तुम्ही त्याच्याबरोबर जा, २०१६ च्या कायद्याचे नाव सांगा, तक्रार लिहून द्या, तिची पोच मागा. तेथे न झाल्यास तहसील कचेरीत व पुढे बुलढाण्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. गावी परतल्यावर त्याच्या घरी चहा घ्या, आणि तो दिवसाउजेडी, ओट्यावर बसून घ्या.